तेरा वर्षं गॅरेजमध्ये पडलेला डिटेक्टर आणि गंजलेला कान

इंदूरच्याच एका गृहस्थांचा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियात पर्थला नोकरीत असताना २०१२ पर्यंत ते सुट्टी काढून गोल्डफिल्ड्सकडे, म्हणजे तिथल्या सोन्याच्या मुलखात जायचे, डिटेक्टरनं, म्हणजे धातू शोधणाऱ्या यंत्रानं सोनं शोधायचे आणि थोडंफार मिळवायचेही. मग घरच्या आजारपणामुळे कायमचे परत आले. आता मुलगी पर्थला आहे आणि येत्या जूनमध्ये ते तिच्याकडे सहा महिन्यांसाठी जाणार आहेत. वय एकसष्ट, डावा गुडघा कुरकुरतो. जीपीएक्स ४५०० हे त्यांचं जुनं डिटेक्टर मशीन मुलीच्या गॅरेजमध्ये पडून आहे. विचारतात: नवं मशीन घ्यावं का, सुरुवात कुठून करावी आणि एकट्यानं जाणं झेपेल का?

थोडक्यात सांगायचं तर नवं मशीन पहिल्या फेरीला घेऊ नका, आणि एकटे कुठल्याच फेरीला जाऊ नका. पण एवढ्यावर तुमचं समाधान व्हायचं नाही, माझंही झालं नव्हतं. मी बावीस वर्षं गोल्डफिल्ड्समधल्या कालगुर्लीत खाणीवर सर्व्हेअर होतो. २०१४ मध्ये इंदूरला परतलो आणि पाच वर्षं डिटेक्टरला हात लावला नाही. २०१९ च्या जुलैत पुन्हा गेलो तेव्हा मनात होतं, पोहणं एकदा आलं की विसरत नाही म्हणतात, तसंच हे असणार. पहिले चार दिवस मी फक्त खिळे, काडतुसांची पितळी बुडं आणि डब्यांच्या पत्र्याचे कपटे काढले. पाचव्या दिवशी माझ्या जोडीदारानं मी आदल्या दिवशी चालून गेलेल्याच पट्ट्यात अर्ध्या तासात दोन बारके नगेट, म्हणजे सोन्याचे खडे काढले. मशीन दोघांचं सारखंच होतं. माझा कान तो राहिला नव्हता.

म्हणून कानापासून सुरुवात करतो. तुम्ही अजून इंदुरातच आहात, तर जायच्या आधी एक ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या. साठीनंतर उंच पट्टीचे आवाज आधी जातात, आणि ते गेलेले आपल्याला कळत नाहीत, घरच्यांना कळतात. जीपीएक्सच्या हेडफोनमधल्या सततच्या आवाजाची पट्टी बदलता येते. माझ्या तपासणीत वरचे सूर बरेच खाली आलेले निघाले, म्हणून मी टोन खाली आणला. सवय व्हायला दोन दिवस लागले, पण आधी ऐकूच येत नव्हत्या अशा सिग्नलच्या कडा ऐकू यायला लागल्या. महागड्या कॉइलनं, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या चकतीनं झालं नसतं ते शंभर पावलांवरच्या कानाच्या डॉक्टरकडे झालं.

थ्रेशोल्ड म्हणजे तुमच्या हेडफोनमधला तो सतत गुणगुणणारा बारीक आवाज, हे तुम्हाला आठवत असेलच. मी त्याला तानपुरा म्हणतो. तानपुरा नीट लागलेला असेल तर एवढीशी कणसूर लगेच खटकते, आणि नीट लागला नसेल तर सगळंच बेसूर वाटून माणूस काहीच ऐकेनासा होतो. परत आलेला माणूस हटकून दोन चुका करतो. एक, आवाज नको म्हणून थ्रेशोल्ड पार बंद होईपर्यंत खाली आणतो. मग खोलवरच्या सोन्याचा तो हलका, लांबट उसासा त्यात बुडून जातो. दुसरी चूक म्हणजे घाई. कॉइल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायला तीन-चार सेकंद तरी लागले पाहिजेत. आपण इंदूरवाले आहोत, अमीर खाँसाहेबांचं विलंबित कानात आहे, आपल्याला हे अवघड जाऊ नये. तरी जातं. मी अजूनही दुपारी दोननंतर द्रुतात जातो आणि तेव्हा मशीन बंद करून चहा ठेवतो.

आता सिग्नल लागल्यावर काय होतं ते एकदा हळूहळू आठवून पाहा, कारण हात हे विसरलेले असतात. गुणगुण चालू आहे, मध्येच ती थोडी वर जाऊन खाली येते. थांबायचं. त्याच जागेवरून परत, मग नव्वद अंश फिरून आडवं. दोन्हीकडून आला तर बुटानं वरची दोन बोटं माती खरवडायची आणि पुन्हा ऐकायचं. जमिनीचा आवाज असेल तर तो विरतो किंवा सरकतो. धातू असेल तर खरवडल्यावर आवाज स्पष्ट होतो. मग पिकनं, म्हणजे छोट्या कुदळीनं एक पापुद्रा काढायचा, पिकच्या डोक्याला चिकटवलेलं चुंबक मातीतून फिरवायचं, लोखंड असेल तर ते तिथंच चिकटतं. नसेल चिकटलं तर छातीत थोडं धडधडतं. खड्ड्यातून आवाज गेला म्हणजे टार्गेट बाहेर काढलेल्या ढिगात आलं. प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये मूठभर माती घ्यायची, कॉइलवरून फिरवायची, वाजली तर अर्धी ओतून द्यायची, पुन्हा फिरवायची. असं करत शेवटी तळहातावर चिमूटभर तांबडी माती उरते. ती कॉइलवर हळूच सोडायची. मातीचा आवाज होत नाही, पण त्यातला एक खडा पडताना वाजतो. त्यावर थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं की खालून पिवळं दिसतं. हा सगळा प्रकार दहा मिनिटांचा, आणि दहापैकी नऊ वेळा शेवटी शिशाचा छर्रा निघतो. तो छर्रासुद्धा नाक मुरडून फेकू नका, खिशात ठेवा. शिसं आणि सोनं जवळपास सारखंच वाजतं. ज्या दिवशी तुम्ही वीतभर खोलीवरचा छर्रा काढाल त्या दिवशी तुमचा कान परत आला असं समजा.

पहिले तीन दिवस तरी प्रत्येक सिग्नल खणा. 'हा खिळाच असणार' असं मनात आलं की समजायचं, आपण अजून २०१२ च्या आठवणीवर चाललोय.

गॅरेजमधल्या मशीनचं काय करायचं ते सांगतो. बॅटरी पाठीवरच्या पट्ट्याला लावायची लिथियम-आयनची आहे. तेरा वर्षं चार्ज न करता पडली असेल तर ती गेली असंच धरा, आणि फुगलेली दिसली तर चार्जरला लावूच नका, घर मुलीचं आहे. नवी बॅटरी घ्या. मग कॉइलच्या खालची प्लॅस्टिकची झाकणी काढून पाहा. तिच्यात जुनी लोहमिश्रित बारीक रेती अडकलेली असते, आणि कॉइल जमिनीवर टेकली की तीच वाजते. लोक महिनाभर 'मशीन बिघडलंय' म्हणत फिरतात आणि बिघाड चमचाभर रेतीचा असतो. केबल कॉइलपाशी वाकते तिथं चिरली आहे का ते पाहा, कनेक्टर पुसा. नंतरची चाचणी मुलीच्या अंगणात नको, तिथं विजेच्या तारांचा इतका गोंधळ असतो की काही कळणार नाही. गावाबाहेर मोकळ्यावर जाऊन एक मसुराएवढा शिशाचा तुकडा चार बोटं, आठ बोटं, वीतभर असा पुरून ऐका. दोन दुपारी त्यात घालवा. त्या वाया जात नाहीत.

काही जण म्हणतात की मशीन इंदूरला आणून सराव करावा. करू नका. माळव्याची जमीन म्हणजे डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट आणि त्यावरची काळी माती. त्यात सोनं नाही, शिवाय लोहखनिज भरपूर, त्यामुळे शिकाल ते तिकडच्या जमिनीला लागू होणार नाही. आणि खरा त्रास वेगळाच आहे. तुमच्याकडे 'सोनं शोधायचं यंत्र' आहे ही बातमी राजेंद्रनगरात फुटली की आठवड्याभरात कुणाचा तरी मामा जुन्या वाड्यातला होळकरांच्या वेळचा हंडा शोधायला बोलवायला येतो. मला तिघांनी बोलावलं, आणि माझं मशीन तर पर्थमध्ये होतं. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. एवढं सांगितलं की मामा चहा पिऊन जातात.

नवं मशीन का नको, याचं कारण नीट समजून घ्या, नाहीतर पर्थच्या दुकानात उभे राहिल्यावर माझं बोलणं टिकणार नाही. आपली मशीन पल्सवर चालतात. कॉइल एक झटका सोडते, थांबते आणि ऐकते. त्या झटक्यानं धातूत प्रवाह फिरायला लागतात आणि विरतात. मोठ्या तुकड्यातले सावकाश विरतात, बारक्यातले चटकन. तांबड्या जमिनीतलं लोहखनिजही प्रतिसाद देतं, म्हणून जुनी मशीन थोडी थांबून ऐकायची, जमिनीचा गोंगाट सरू द्यायची. तेवढ्यात बारक्या सोन्याचा आवाजही सरून जायचा. २०१४ चं एसडीसी २३००, २०१५ चं जीपीझेड ७००० आणि २०२१ चं जीपीएक्स ६००० यांनी हीच उणीव भरून काढली. ग्रॅमच्या दहाव्या भागाचे कण आणि गारगोटीत विखुरलेलं सोनं आता मिळतं, जे तुम्ही-आम्ही जुन्या पॅचवर, म्हणजे आधी सोनं मिळालेल्या पट्ट्यावर मागं टाकून आलो. ६००० हलकंही आहे, दोन किलोच्या थोडं वर, आणि ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीच्या गोंगाटाशी जुळवून घेणं, आपलं आपण करतं. तुमच्या गुडघ्याला आणि खांद्याला ते आवडेल यात शंका नाही.

पण त्याची किंमत आठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात आहे. तुम्हाला जुनं मशीन ओळखीचं आहे, त्याची खोड माहीत आहे. बिघडलेला कान आणि अनोळखी मशीन अशी दोन्ही एकाच वेळी जमिनीवर नेलीत तर चूक कुणाची ते कळणार नाही. पहिली फेरी ४५०० घेऊन करा, मोनो कॉइल, नॉर्मल सेटिंगमध्ये सुरुवात, जमीन फार ओरडायला लागली तर एन्हान्स सेटिंग. दुसऱ्या फेरीत आठवडाभर नवं मशीन भाड्यानं घ्या आणि त्याच पट्ट्यावर चालवा. जिथं ४५०० गप्प होतं तिथं नवं बोललं तर मग बँकेत जा.

'त्याच पट्ट्यावर' म्हणालो, कारण तुमच्याकडे असलेली सगळ्यात मौल्यवान वस्तू मशीन नाही, तुमची जुनी वही आहे. सोनं कुठं सापडलं होतं ते जीपीएसचे आकडे, तारखा, 'मोठ्या गारगोटीच्या टेकाडाखाली' असल्या खुणा. ती वही इंदुरात कुठल्यातरी ट्रंकेत असेल तर आजच काढा.

आपला सराफा रात्री खाऊगल्ली असतो हे साऱ्या जगाला माहीत आहे. शेवटची भुट्ट्याच्या किसाची कढई उतरल्यावर, पहाट व्हायच्या आत तिथं कोण येतं ते फार थोड्यांनी पाहिलंय. झाडू, ब्रश आणि पत्र्याचं घमेलं घेऊन न्यारिये येतात, आपल्या मराठीत झारेकरी. मी एकदा मुद्दाम ओट्यावर बसून पाहिलं. एकानं नालीतला काळा गाळ घमेल्यात घेतला, पाणी घातलं, घमेलं जरा तिरकं धरून गोल गोल हलवत राहिला. वरचा चिखल वाहून गेला, मग रेती, शेवटी तळाला काळ्या चुऱ्याची शेपटी उरली आणि तिच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी चमकलं. विचारलं, रोज याच ओट्यापाशी का? त्यानं मान वर न करता वरच्या खिडकीकडे बोट केलं. तिथं भट्टी होती. 'भिया, जहाँ गिरता है वहीं मिलेगा ना.' तो काही छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन नाली झाडत नाही.

गोल्डफिल्ड्सचंही तेच. तिथल्या यिलगार्न भागातल्या पुरातन खडकात हिरवट ग्रीनस्टोनचे पट्टे आहेत, सोनं त्यांच्यात आणि त्यांच्या कडेच्या गारगोटीच्या शिरांत आलं. कोट्यवधी वर्षांत वरचा खडक कुजून झडला, हलकं वाहून गेलं, जड ते जवळच उताराला बसलं. म्हणून जिथं एक नगेट तिथं आसपास भावंडं असतात. जुना पॅच गाठलात की कंबरेला साखळी बांधून मागं ओढत चाला. तांबड्या धुळीत तिची रेघ उमटते आणि पुढची फेरी बरोबर तिच्या शेजारून जाते. मनानं सरळ चाललोय असं वाटतं, साखळी दाखवते की आपण माशीसारखे फिरलो. आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम. कंटाळवाणं आहे. माझं गेल्या तीन फेऱ्यांतलं निम्म्याहून जास्त सोनं या कंटाळ्यातून आलंय.

नवी जागा बघायचीच असेल तर जुन्या लोकांचे ढीग बघा. कूलगार्डीला १८९२ मध्ये आणि कालगुर्लीला १८९३ मध्ये सोनं लागलं तेव्हा तिथं पाण्याचा टिपूस नव्हता. उंटांवरून माल आणि पाणी नेणारे बरेचसे बलुचिस्तान, सिंध, पंजाब, राजस्थानकडचे आपले लोक होते, तिकडे सरसकट सगळ्यांना 'अफगाण' म्हणायचे. पर्थजवळच्या मुंडारिंगहून ५३० किलोमीटर नळ टाकून पाणी कालगुर्लीला पोचलं ते १९०३ मध्ये. तोवर सोनं धुवायचं कशानं? मग ते माती वाऱ्यावर उफणायचे, आपण खळ्यावर धान्य उफणतो तशी. तिकडे त्याला ड्राय ब्लोइंग म्हणतात. उफणणीत ओलसर चिकणमातीची ढेकळं फुटत नाहीत, आणि ढेकळात अडकलेलं सोनं ढेकळासकट ढिगावर जातं. मोठ्या खड्यांबरोबर चाळणीवरून उडालेलंही तिथंच. ते ढीग अजून आहेत. दाताळ्यानं पसरून थरथर ऐकावे लागतात, आणि ढीग उपसताना कुणाच्या हद्दीत आहोत ते आधी बघावं लागतं.

इथं कागदांचा विषय येतो. तुमचा मायनर्स राइट, म्हणजे सोनं शोधायचा परवाना, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा असेल तर तो आयुष्यभराचा असतो, नवा काढायला नको, कागद शोधा. व्हिक्टोरियात तो दहा वर्षांचा असतो, तिकडचा असेल तर संपला. पण हा कागद खिशात म्हणजे सगळीकडे खोदायची मुभा, असं नाही. मायनिंग लीज किंवा प्रॉस्पेक्टिंग लायसन्स असलेल्या जमिनीवर धारकाची लेखी परवानगी लागते. एक्सप्लोरेशन लायसन्स असलेल्या जमिनीसाठी कलम २०ए चं परमिट काढता येतं. ते तीन महिन्यांचं असतं, हातातल्या अवजारांनी आणि दोन मीटर खोलीपर्यंतच. सरकारच्या टेनग्राफ नकाशावर आपली जागा निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. २०१२ मध्ये सोन्याचा औंस १,७०० अमेरिकी डॉलरच्या आसपास होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यानं ४,००० ओलांडले. तुम्ही सोडून गेलात तेव्हा मोकळ्या असलेल्या कितीतरी जमिनींवर आता कुणाचा ना कुणाचा अर्ज बसलाय. माझ्या वहीतल्या सहा जागांपैकी २०२४ मध्ये दोनच उरल्या होत्या.

जमीन पशुपालनाच्या स्टेशनची असेल तर स्टेशनला कळवून जा, फाटक जसं असेल तसं ठेवा, गुरांच्या पाणवठ्याजवळ मुक्काम करू नका. मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनी आणि पवित्र जागा वर्ज्य. आणि खड्डे बुजवायचेच, प्रत्येक खड्डा, तळहाताएवढा असला तरी. आणखी एक: कधी कधी काळपट तपकिरी, आकाराच्या मानानं जड, चुंबकाला चिकटणारा दगड जोरात वाजतो. तो उल्का असू शकतो आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात उल्का सरकारच्या मालकीची असते, ती तिथल्या संग्रहालयाला कळवायची. दिवाणखान्यात ठेवायची नाही.

आता एकट्यानं जायचं का, ते.

२०१९ ची गोष्ट. कालगुर्लीच्या उत्तरेला मेन्झीज गावाच्या पलीकडे आम्ही दोघं होतो. जेवण झालं, जोडीदार गाडीच्या सावलीत आडवा झाला. मी म्हटलं, समोरच्या ओहोळात पंधरा मिनिटं ऐकून येतो. जीपीएस गाडीच्या डॅशबोर्डवर, पाण्याची बाटली त्याच्याच शेजारी. हेडफोन लावला आणि एका सिग्नलवरून दुसऱ्यावर असा मान खाली घालून चालत राहिलो. वर पाहिलं तेव्हा साडेतीन वाजले होते. चारी बाजूंना मुल्गाची झुडपं, सगळी एकाच उंचीची, एकही टेकडी नाही. बावीस वर्षं जमिनी मोजून काढल्या, आणि मला गाडी कुठल्या दिशेला आहे ते सांगता येईना. पहिली चूक झाली होतीच, दुसरी मी लगेच केली: अंदाजानं वीस मिनिटं चाललो. मग अक्कल आली, बसलो. माझेच खड्डे शोधत उलटं यायचं ठरवलं. नुकती उकरलेली ओली, गडद माती लांबून ओळखू येते. एका खड्ड्यापाशी उभं राहून दुसरा शोधायचा, तो दिसेपर्यंत पहिला सोडायचा नाही. दीड तासानं हॉर्न ऐकू आला. जोडीदार दर दहा मिनिटांनी वाजवत होता. सूर्य तेव्हा झुडपांना टेकला होता आणि जुलैची रात्र तिकडे शून्याजवळ जाते.

तेव्हापासून गाडीतून उतरलो की पाय जमिनीला लागायच्या आत गाडीची जागा जीपीएसवर नोंदवतो. बीकन, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत आपली जागा कळवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, कमरेला असतो. गाडीत ठेवलेला बीकन गाडीला वाचवतो. त्याची नोंदणी ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे फुकट होते, त्यात मुलीचा नंबर द्या. मोबाइलची रेंज गाव सोडल्यावर थोड्याच अंतरात जाते, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर घ्या आणि रोज संध्याकाळी ठरल्या वेळी मुलीला निरोप पाठवा. मशीनवर वाचवलेल्या आठ हजारांतले पहिले हजार या दोन वस्तूंवर घाला. गाडी बिघडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

बाकीचं भरभर सांगतो, तुम्हाला माहीत आहे. जून ते ऑगस्ट उत्तम, सप्टेंबर ठीक, ऑक्टोबरपासून ऊन आणि माश्या. माणशी रोज दहा लिटर पाणी धरा आणि वर दोन दिवसांचं जास्त. स्टेपनी दोन, कारण मुल्गाचे खुंट टायरची कड फाडतात. बुटात पोलादी टोपी नको, ती तुमच्याच कॉइलला वाजते. जुन्या खाणींची उघडी विवरं हजारोंनी आहेत आणि त्यांच्या तोंडाजवळची जमीन आतून पोखरलेली असते, तिथं मागं पावलं टाकत कॉइल फिरवायची नाही. सप्टेंबरपासून साप बाहेर येतात. तिकडच्या सापांना दाबपट्टी लागते: दंशाच्या जागेपासून पूर्ण हातापायावर रुंद पट्टी घट्ट, फळी बांधायची, हालचाल बंद, जखम धुवायची नाही, कारण कातडीवर राहिलेल्या विषावरून साप ओळखतात. दोन रुंद पट्ट्या बीकनच्या शेजारीच ठेवा.

गुडघ्यासाठी लांब दांड्याचा पिक घ्या. चुंबकामुळे निम्मे खिळे उभ्यानंच उचलले जातात, वाकणं निम्मं होतं. आणि आतापासून रोज रालामंडलची टेकडी चढा. मी गच्चीवर झाडूच्या टोकाला दोन किलोची वाळूची पिशवी बांधून अर्धा अर्धा तास झुलवायचो. शेजारच्या काकूंनी बायकोला विचारलं, यांना बरं नाही का. खांदा मात्र तयार झाला.

मिळकतीचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. १९८० मध्ये व्हिक्टोरियातल्या किंगोवरजवळ डिटेक्टरनं २७ किलोचं नगेट सापडलं, हे प्रत्येकाला पाठ असतं. माझी वही अशी आहे: २०१९, सोळा दिवस, साडेसात ग्रॅम. २०२२, वीस दिवस, एकतीस ग्रॅम, त्यातले एकोणीस एकाच तुकड्याचे. २०२४, अठरा दिवस, बारा ग्रॅम. विमानाचं तिकीट आणि डिझेल धरलं तर सराफ्यातून घेतलं असतं तरी स्वस्त पडलं असतं. आणि जे मिळेल ते खिशात टाकून इंदूरला आणू नका. परदेशातून येणाऱ्याला कस्टमची सवलत दागिन्यांसाठी आहे, कच्चं नगेट हा दागिना नव्हे. मी माझं तिकडेच विकतो. एकोणीस ग्रॅमचं मात्र पर्थमध्ये मित्राच्या लॉकरमध्ये आहे.

जोडीदार कुठून आणायचा, तर ॲमॅल्गमेटेड प्रॉस्पेक्टर्स अँड लीजहोल्डर्स असोसिएशनच्या लोकांना पर्थला पोचल्यावर भेटा, तिथं तुमच्या-माझ्या वयाचे, गुडघे कुरकुरणारे आणि बरोबर कुणी हवं असलेले बरेच असतात. आधी दोन दिवसांची छोटी फेरी करून माणूस पारखा. घोरणं चालेल, पण ठरल्या वेळी परत न येणारा नको. आणि वाटणीचं निघायच्या आधी बोलून घ्या, संकोच करू नका. आमचं असं आहे: ज्याचा सिग्नल त्याचं सोनं, डिझेल निम्मं निम्मं, स्वयंपाक एक दिवसाआड. २०२२ मधला तो एकोणीस ग्रॅमचा तुकडा जोडीदारानं अर्धा खणून सोडलेल्या खड्ड्यात मिळाला. त्याला वाटलं होतं जुना डबा असेल. मी त्याला हाक मारून विचारलं, हा खड्डा तू सोडलायस ना? तो म्हणाला, सोडलाय. मग मी आणखी चार बोटं खाली गेलो. त्या रात्रीचा स्वयंपाक त्याच्याकडे होता, त्यानं वरणात मीठ घातलं नाही. मी काही बोललो नाही.